इसब आणि न आलेले दात: गोव्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाच्या कोपराच्या खळगीत लहानपणापासून इसब, आणि आठवीत गेला तरी वरच्या पटाशीच्या शेजारचा दात आलेला नाही. एका तक्रारीसाठी त्वचेचे डॉक्टर, दुसरीसाठी दातांचे; दोघांचे कागद वेगवेगळ्या पिशव्यांत. पेडण्यापासून काणकोणपर्यंत अशी घरं आहेत. बहुतेकांच्या बाबतीत काळजीचं कारण नसतं. पण थोड्या मुलांत या दोन तक्रारींचं मूळ एकच असतं, आणि ते वेळेवर ओळखलं तर मुलाचा जीवसुद्धा वाचतो. हे पान त्या थोड्यांसाठी आहे, आणि बाकीच्यांची भीती जावी म्हणूनही.

त्वचा कुठे, दात कुठे! यांचा संबंध येतोच कसा?

गर्भात दोघांचं माहेर एकच. गर्भाच्या सगळ्यात बाहेरच्या थरातून त्वचेचा वरचा पापुद्रा, केस, नखं, घामाच्या ग्रंथी आणि दातांचं एनॅमल तयार होतं. साधारण सहाव्या आठवड्यात, पुढे जिथे हिरड्या होणार तिथे या थराची एक पट्टी जाड होते आणि तिच्यातून दातांचे कोंभ खालच्या पेशींत उतरतात. केसाचं मूळ आणि घामाची ग्रंथीही अशीच तयार होते: पृष्ठभागावरचा एक ठिपका जाड होतो आणि खाली शिरतो. ‘इथे जाड हो, इथे खाली उतर’ हे सांगणारे रासायनिक संदेश बऱ्याच अंशी तेच असतात. त्यामुळे संदेश लिहिणाऱ्या एखाद्या जनुकात बिघाड असला, तर त्याचे परिणाम तोंडात, डोक्यावर आणि त्वचेवर एकदमच दिसू शकतात.

म्हणजे इसब असलेल्या प्रत्येक मुलाचे दात कमी येणार?

नाही. हे ठामपणे सांगते, कारण अशी भीती घेऊन येणारे पालक बरेच आहेत. अक्कलदाढा सोडल्या तर शंभरातल्या साधारण सहा माणसांत एखादा तरी कायमचा दात मुळात तयारच झालेला नसतो. अक्कलदाढा धरल्या तर आकडा खूप वर जातो. एखादी अक्कलदाढ नसणं पाचातल्या एकाच्या आसपास सापडतं. इसबही कमी नाही, काही श्रीमंत देशांत तर पाचातल्या एका मुलाला ते होतं. समजा आपल्याकडे शंभरात दहा मुलांना इसब आहे, तर हजारात सहा मुलांच्या वाट्याला दोन्ही गोष्टी निव्वळ योगायोगाने येतील.

एकच दात नाही, इसब साधं आहे, केस दाट आहेत, खेळून आल्यावर मूल घामाने चिंब होतं: अशा मुलाच्या मागे तपासण्यांचा ससेमिरा लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग नेमकी कोणती जनुकं दोन्हीकडे काम करतात?

सगळ्यात महत्त्वाची साखळी ईडीए, ईडीएआर आणि ईडीएआरएडीडी या तिघांची. पहिलं संदेश तयार करतं, दुसरं तो पेशीच्या दारात घेतं, तिसरं आत पोचवतं. ईडीए हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे (मुलग्यांत ते एकच, मुलींत दोन) आणि ते १९९६ मध्ये सापडलं. या साखळीतला कुठलाही दुवा निकामी झाला की घामाच्या ग्रंथी कमी किंवा नाहीतच, केस विरळ, दात थोडे आणि टोकदार असा आजार होतो. डॉक्टरांच्या कागदावर त्याचं नाव ‘हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिसप्लेशिया’ असं असतं. घाम नाही, तेलग्रंथी कमी, म्हणून त्वचा कोरडी पडते आणि त्यातल्या बऱ्याच मुलांना इसब होतं.

दुसरं नाव डब्ल्यूएनटी१०ए. कायमचे दात कमी असलेल्या कुटुंबांत हे जनुक सगळ्यात जास्त वेळा सापडतं. त्यातले काही बदल फक्त दातांपुरते राहतात. दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आली तर तळहात-तळपाय जाड, नखं खराब, केस विरळ, त्वचा कोरडी असं चित्र दिसू शकतं. गंमत अशी की या मुलांचे दुधाचे दात पुष्कळदा सगळे आलेले असतात, त्यामुळे कायमचे येईनात तोवर कोणाला शंकाही येत नाही.

पी६३ हे तिसरं. त्वचेचा वरचा पापुद्रा उभा राहायलाच ते लागतं. त्यातल्या बिघाडाने टाळूला चीर, हातापायांच्या बोटांत दोष, कमी दात आणि नाजूक, सोलवटणारी त्वचा असे आजार होतात. हे जन्मतःच लक्षात येतात, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

एमएसएक्स१ आणि पीएएक्स९ ही नावंही अहवालात दिसतील. ती मुख्यतः दातांची आहेत. अहवालात यांपैकी एखादं सापडलं तर इसबाचं खापर त्याच्यावर फोडू नका.

त्वचेच्या डॉक्टरांनी ‘फिलॅग्रिन’ म्हटलं होतं. ते यातलंच का?

ते वेगळं. फिलॅग्रिन हे त्वचेच्या वरच्या थराला घट्ट बांधणारं आणि ओल धरून ठेवणारं प्रथिन आहे. त्याचं जनुक सदोष असेल तर त्वचेची भिंत झिरपते, ती कोरडी पडते आणि धूळ, साबण, जंतू आत शिरून इसब भडकतं. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखवलं. युरोपात दहातल्या सुमारे एका माणसात असा एखादा बदल असतो. आशियात तितका नाही, आणि बदलही वेगळे असतात. अशा मुलांच्या तळहातावरच्या रेषा फार दाट आणि खोल दिसतात. आजी ‘कष्टाचा हात’ म्हणते, तोच हात. दातांची संख्या मात्र फिलॅग्रिनमुळे कमी होत नाही. नेहमीच्या इसबामागे बहुतेक वेळा याच बाजूची कारणं असतात.

घरी कोणत्या खुणा बघायच्या?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

घाम बघा. मे महिन्याच्या दुपारी सगळं घर घामाने निथळतंय आणि बाळाचं अंग कोरडं, लाल, तापलेलं. थर्मामीटर लावला तर ताप. रात्री पंख्याखाली ताप आपोआप उतरतो, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. अशा मुलांना संसर्ग समजून एकामागून एक अँटिबायोटिक दिलं जातं. खरं तर त्यांचं शरीर थंड होऊ शकत नाही. तान्ह्या वयात अशा तापाने मुलं दगावलेली आहेत, म्हणून हे मी पहिलं लिहिलं.

मग केस: डोक्यावर विरळ, बारीक, फिके, भुवया आणि पापण्या जवळजवळ नाहीत. चेहरा: डोळ्यांभोवतीची त्वचा काळसर आणि सुरकुतलेली. जन्मल्यावर पहिल्या दिवसांत साऱ्या अंगाची साल निघाली होती का, हे आईला किंवा सुईणीला आठवत असतं, विचारा. दात: दीड वर्ष झालं तरी एकही नाही, किंवा आले ते सुळ्यासारखे टोकदार. तोंड आणि डोळे कोरडे, नाकात खपल्या. आणि या सगळ्यावर वरताण म्हणून हट्टी इसब.

यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि दाखवताना सगळ्या एका दमात सांगा. त्वचेच्या ओपीडीत दातांचं आणि दातांच्या खुर्चीत घामाचं कोणी आपणहून विचारेल असं धरून चालू नका.

हा घाम न येण्याचा आजार परदेशातला आहे ना? आपल्याकडे कुठे असतो?

उलट याची एक अगदी जुनी नोंद आपल्याच उपखंडातली आहे. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाविषयी लिहिलं: चार पिढ्यांत दहा पुरुष, दोन्ही जबडे मिळून पुढचे चार किरकोळ दात आणि आठ दाढा, अंगावर केस अगदी थोडे, तरुणपणीच टक्कल, आणि उन्हाळ्यात कोरड्या त्वचेने हैराण. मुलींना त्रास नाही, पण मुलींच्या मुलांना होतो; आणि बापाकडून मुलाला कधी जात नाही, हेही त्याने टिपून ठेवलं. जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता. आज एक्स गुणसूत्राचा नियम म्हणून आपण जे शिकतो, ते त्या कुटुंबाच्या माहितीत जवळजवळ पूर्ण मांडलेलं होतं.

म्हणजे दोष आईकडून येतो?

सदोष प्रत आईच्या एक्स गुणसूत्रावरून येऊ शकते. याला ‘दोष आईचा’ म्हणणं चूक आहे आणि क्रूरही. कोणतं गुणसूत्र बाळाला द्यायचं हे कोणत्याही आईच्या हातात नसतं. कधी कधी तो बदल त्या बाळातच पहिल्यांदा झालेला असतो, आईत नसतोच.

हिशेब असा: आई वाहक असेल, म्हणजे तिच्या दोनपैकी एका एक्सवर सदोष प्रत असेल, तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. बापाला आजार असेल तर त्याच्या सगळ्या मुली वाहक, मुलगे मोकळे. हा नियम ईडीए जनुकापुरता. ईडीएआर किंवा डब्ल्यूएनटी१०ए असेल तर गणित बदलतं; तिथे पुष्कळदा आई-बाप दोघांकडून एकेक सदोष प्रत यावी लागते, म्हणून नात्यातल्या लग्नांत हे जास्त दिसतं.

मुलींना काहीच होत नाही का?

होतं, पण सौम्य. वाहक बायकांत बहुतेकींना काहीतरी खूण असते: पटाशीच्या शेजारचा दात टोकदार किंवा नसलेला, केस थोडे पातळ, अंगावर घाम पट्ट्यापट्ट्यांनी येणारा. मुलात संशय आला की मी आईला हसायला सांगते. निदानाचा धागा कित्येकदा तिच्याच दातांत सापडतो, आणि तिला मात्र आयुष्यभर ‘हिचे दात तसेच’ एवढंच ऐकायला मिळालेलं असतं.

मुलींसाठी आणखी एक नाव लक्षात ठेवा: इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेंटी. आयकेबीकेजी जनुकातला हा बिघाड जवळजवळ फक्त मुलींत दिसतो. जन्मल्यावर काही दिवसांत हातापायांवर रांगेत पुळ्या येतात, त्या इसब किंवा जंतुसंसर्ग वाटतात, मग तिथे चामखिळीसारखा खडबडीतपणा आणि नंतर तपकिरी वळणावळणाचे पट्टे. दात काही कमी, काही टोकदार. यात डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, त्यामुळे डोळ्यांची तपासणी पहिल्या आठवड्यांतच व्हायला हवी.

आमच्या मुलाचे दुधाचे दातच पडत नाहीत, आणि इसब खूप आहे. हेही त्यातलंच?

हा प्रश्न वेगळा आणि महत्त्वाचा. दुधाचे दात पडत नाहीत, मागे कायमचे दात तयार आहेत पण बाहेर येत नाहीत, जन्मापासून इसब, वारंवार गळवं, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, किरकोळ पडण्याने हाड मोडणं: हे चित्र एसटीएटी३ जनुकातल्या बिघाडाचं असू शकतं. रक्तातलं आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) खूप वाढलेलं असतं. जनुकाचा शोध २००७ मधला. इथे दात ‘नाहीत’ असं नसून ते अडकलेले असतात, आणि खरा प्रश्न रोगप्रतिकारशक्तीचा असतो. दातांच्या डॉक्टरांनी हे दुधाचे दात काढून वाट मोकळी करायची, पण त्याआधी मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं.

दात नाहीच की आत आहे, हे कधी आणि कसं कळतं?

ओपीजी नावाच्या एका एक्स-रेमध्ये दोन्ही जबडे दिसतात. घाई मात्र नको. अक्कलदाढा सोडल्या तर खालची दुसरी उपदाढ हा सगळ्यात जास्त वेळा नसणारा दात, आणि नेमका तोच उशिरा आकार घेतो. सात वर्षांच्या आधी तो ‘नाही’ असं शिक्कामोर्तब करू नये. वरच्या पटाशीच्या शेजारचा दात आठ-नऊ वर्षांपर्यंत यायला हवा. एका बाजूचा येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा नाही, तर एक्स-रे काढा. सहा किंवा त्याहून जास्त दात नसतील तर जनुकीय कारण असण्याची शक्यता बरीच वाढते.

गरोदरपणी ग्रहण पाहिलं, इसबाला स्टेरॉइडचं मलम लावलं. त्याने दात गेले का?

ग्रहणाने दात जात नाहीत. जिने बाळंतपण काढलं तिच्या डोक्यावर हे ओझं टाकू नका.

डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात लावलेल्या मलमानेही दाताचा कोंभ नाहीसा होत नाही. लहान वयात घेतलेली कर्करोगाची औषधं किंवा जबड्यावर दिलेलं रेडिएशन यांनी मात्र दात कमी येऊ शकतात. मलमांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र असलेली ट्यूब इसबावर महिनोन्‌महिने लावू नका. त्वचा पातळ होते, आणि आपल्या पावसाळ्यात आधीच वाढणारी बुरशी त्याखाली लपून पसरते.

गोव्याच्या उन्हाळ्यात घाम न येणाऱ्या मुलाला कसं सांभाळायचं?

आपल्याकडची दमट हवा त्यांच्यासाठी आणखी अवघड, कारण अंगावर ओतलेलं पाणीही लवकर वाळत नाही. ओला सुती गंजी घालून पंख्यासमोर बसवणं हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय, वारा हवाच. दप्तरात फवारणीची बाटली, प्यायचं थंड पाणी, डोक्यावर ओली टोपी. खोली थंड ठेवणारं यंत्र अशा घरात चैनीची वस्तू समजू नये. शाळेला डॉक्टरांचं पत्र द्या: कवायत सकाळी, वर्गात पंख्याखालची जागा, पाणी प्यायला आणि अंग ओलं करायला केव्हाही परवानगी. शिगम्यात रोमटामेळात त्याला नाचायचं असतंच. संध्याकाळ झाली की पाठवा, पाण्याची बाटली घेतलेलं कोणीतरी सोबत ठेवा. घरात बसवून ठेवलेलं मूल सुरक्षित असतं, पण आनंदी नसतं.

अंग तापलं की तापाच्या गोळीची वाट पाहू नका, आधी थंड करा. मूल सुस्त झालं, बरळू लागलं तर सरळ इस्पितळात.

इसबासाठी: कोमट पाण्याने थोडकी आंघोळ, अंग टिपून लगेच मलई. साधं, वासाशिवायचं मॉइश्चरायझर सगळ्यात बरं. बऱ्याच मुलांना घाण्याचं शुद्ध खोबरेल मानवतं. मोहरीचं तेल मात्र वापरू नये. मार्च ते मे काजूच्या हंगामात या मुलांना ओल्या बिया सोलायला, भाजायला बसवू नका. टरफलातलं तेल धडधाकट हातालाही भाजतं.

दातांचं काय करता येतं? मोठा होईपर्यंत थांबायचं?

थांबू नका. बरेच दात नसलेल्या मुलाला तीन-चार वर्षांचं असतानाच छोटी कवळी बसवता येते. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते. पण चावणं, बोलणं आणि शाळेतल्या पहिल्या दिवशी तोंड उघडून हसणं, तिन्ही साधतं. टोकदार दातांना पांढरं मटेरियल लावून नेहमीचा आकार देता येतो.

एखादाच दात नसेल तर त्या जागेवरचा दुधाचा दात जपा. मूळ शाबूत असेल तर तो तिशी-चाळिशीपर्यंतही साथ देतो. तारा लावून जागा बंद करायची की उघडी ठेवून पुढे दात बसवायचा, हा निर्णय बारा-तेराव्या वर्षी तज्ज्ञांबरोबर घ्यावा. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दात, वाढ थांबल्यावरच. वाढत्या वयात बसवलेला इम्प्लांट तिथेच राहतो, शेजारचे दात पुढे सरकतात आणि तो खोलात गेल्यासारखा दिसतो. इसब असलेल्या मुलाला तारा लावण्याआधी निकेलची ॲलर्जी आहे का, हे सांगा. खोट्या दागिन्याने कान चिघळत असतील तर ती बहुधा आहे.

जनुकीय तपासणी करून घ्यावी का? कुठे जायचं?

साधं इसब आणि एक दात कमी: गरज नाही. सहा किंवा त्याहून जास्त दात नाहीत, घाम नाही, किंवा घरात दोन-तीन पिढ्यांत हेच दिसतंय: करावी. रक्ताचा किंवा लाळेचा नमुना पुरतो. तपासणीआधी जनुकीय सल्लागाराशी बोला, उत्तर आल्यावर तर बोलाच.

कुटुंबात बरेच दात नसणं आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग दोन्ही असतील तर ते आवर्जून सांगा. फिनलंडमधल्या एका कुटुंबात २००४ साली एएक्सआयएन२ या जनुकामुळे दोन्ही एकत्र आढळले होते. अशा घरात मोठ्यांची आतड्याची तपासणी वेळेवर व्हायला हवी.

गोव्यात त्वचारोग आणि बालरोग विभाग गोवा मेडिकल कॉलेजात, दातांचे विभाग गोवा डेंटल कॉलेजात, दोन्ही बांबोळीलाच. एकाच फेरीत दोन्हीकडे जाता येतं. एक फाइल करा: मुलाचे लहानपणापासूनचे फोटो, ओपीजी, औषधांची यादी आणि आजोळपर्यंतची वंशावळ, कोणाचे दात कमी, कोणाला इसब, कोणाला घाम येत नाही. चवथीला सगळे घरी जमतात, तेव्हा ही यादी तासाभरात पुरी होते.

यावर काही नवीन औषध आलं आहे का?

आशा वाटावी असं काम झालं आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी ईडीए प्रथिन गर्भजलात सुईने सोडलं आणि तीन मुलग्यांविषयी २०१८ मध्ये लिहिलं: त्यांना जन्मानंतर घाम येऊ लागला होता. त्यातले दोघे जुळे. यानंतर मोठी चाचणी सुरू झाली. दुसरीकडे जपानमध्ये क्योतोला, दाताची वाढ रोखणाऱ्या यूएसएजी-१ या प्रथिनाला अडवणाऱ्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. ती आधी सुरक्षिततेपुरती आहे. यातलं काहीही अजून दुकानात मिळत नाही. कोणी ‘दात उगवणारं औषध’ विकायला आलं तर पैसे देऊ नका.

पुढच्या बाळाआधी काय करावं?

पहिल्या मुलात नेमका कोणता बदल आहे ते आधी कळू द्या, मग आईची तपासणी. हे दिवस राहण्यापूर्वी झालं तर विचार करायला वेळ मिळतो. गर्भाची जनुकीय चाचणी १९९४ च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच होते. एक्स गुणसूत्राशी निगडित आजारांसाठी तो कायदा तिला परवानगी देतो, लिंग सांगायला देत नाही. चाचणी करायची की नाही हे सर्वस्वी तुम्ही दोघांनी ठरवायचं. केली नाहीत तरी प्रसूतीच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, म्हणजे बाळाला पहिल्या दिवसापासून जास्त गुंडाळलं जाणार नाही, उबेच्या पेटीत ठेवावं लागलं तर तापमानावर डोळ्यात तेल घालून लक्ष राहील, आणि पहिल्या तापाला कोणी संसर्ग समजून बसणार नाही.